आनुवंशिक आजारांचे प्रकार: बोल लावण्याआधी कारण ओळखा



योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाची हकीकत आहे. त्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले, की पाप कोणाचे? याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही गोष्टी नाकारल्या. या घटनेला दोन हजार वर्षे होत आली. तरीही घरात अधू किंवा आजारी मूल जन्मले, की आपल्या गावात अजून तोच प्रश्न विचारला जातो. फरक एवढाच, की उत्तर आधीच ठरलेले असते. दोष सुनेचा! तिच्या माहेरी काहीतरी असेल, तिने ग्रहण पाळले नसेल, तिला कोणाची नजर लागली असेल.

आजच्या पाठात आपण हे पाहू, की आनुवंशिक आजार होतात कशाने, आणि कारणांवरून त्यांचे कोणते प्रकार पडतात. हे शिकायचे कशासाठी? शेतातले तण आठवा. हराळी आणि गाजरगवत, दोन्ही तणच. पण हराळी काशा खणून काढल्याशिवाय जात नाही, तर गाजरगवत फुलोऱ्यावर येण्याआधी उपटावे लागते. तण कोणते हे ओळखले नाही, तर मेहनत फुकट जाते. आजारांचेही तसेच आहे. "पुढचे मूल कसे होईल?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकारात वेगळे आहे.

आधी थोडी मूळ माहिती

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रात ४६ गुणसूत्रे असतात. ती २३ जोड्यांनी असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक बापाकडून आलेले. गुणसूत्र म्हणजे एक वही समजा. त्या वहीत शरीर कसे घडवायचे याच्या सूचना ओळीने लिहिलेल्या आहेत. त्यातील एकेका सूचनेला जनुक म्हणतात. माणसात अशी सुमारे २०,००० जनुके आहेत.

या वह्यांत चार तऱ्हांनी बिघाड होतो. एखाद्या सूचनेतले अक्षर चुकते. एखादी अख्खी वही जास्त किंवा कमी पडते. अनेक सूचनांत थोडे थोडे उणे असते आणि त्यात बाहेरच्या परिस्थितीची भर पडते. चौथी तऱ्हा थोडी निराळी आहे, ती शेवटी पाहू.

पहिला प्रकार: एकाच जनुकातील चूक

हा प्रकार ज्याच्या शोधामुळे उलगडला, तो आपल्यासारख्याच शेतकऱ्याचा मुलगा आणि कॅथलिक धर्मगुरू होता. ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म १८२२ साली झाला. ते ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात राहत. हे शहर आज चेक देशात आहे. मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याची हजारो झाडे लावून, दाणे मोजून नोंदी ठेवल्या. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे वाटले. पण तेच दाणे पुन्हा पेरले, तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे चारांत साधारण एक. सुरकुती गेली नव्हती, ती लपली होती. हा निबंध १८६६ साली छापला गेला. त्याची किंमत जगाला कळली १९०० साली, मेंडेल १८८४ मध्ये वारल्यानंतर १६ वर्षांनी.

हे आपणही पाहिले आहे. संकरित मक्याचे दाणे राखून दुसऱ्या वर्षी पेरले, की ताटे एकसारखी येत नाहीत. लपलेले गुण वर येतात. एका जनुकाच्या आजारांचे तीन पोटप्रकार आहेत.

*(अ) लपून राहणारे, म्हणजे अप्रभावी.* प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. एक प्रत चुकीची असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. असा माणूस धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची, चारांत दोन वाहक मुलाची आणि चारांत एक पूर्ण निर्दोष मुलाची असते. हे नीट ध्यानात घ्या. "एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होणार" असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने पडते.

थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार या प्रकारातले आहेत. सिकल म्हणजे आपला विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. याचे मूळ एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलात आहे. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत आढळला. पुढे विदर्भ, मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड, ओडिशा येथेही तो पुष्कळ असल्याचे दिसले. सिकल सेलच्या वाहकांना घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया फार, तिथे हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. तो कोणाच्या पापाचा पुरावा नव्हे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी नवा धर्मगुरू असताना एका घरी बोलावणे आले. वर्षाचे बाळ, अगदी पांढुरके पडलेले, पोट फुगलेले. मी प्रार्थना केली, बाळाला आशीर्वाद दिला आणि आईबापांना म्हणालो, "देवाची इच्छा समजून धीर धरा." रक्त तपासून घ्या, हे शब्द माझ्या तोंडून आले नाहीत, कारण मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी दुसरे बाळ झाले, तेही तसेच. तेव्हा कुठे दोघांची तपासणी झाली आणि दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघाले. तोवर त्या सुनेने घरच्यांचे बोल ऐकून घेतले होते. आणि खरे पाहता चुकीची एक प्रत तिची होती, तशीच एक तिच्या नवऱ्याचीही होती. अप्रभावी आजारात दोष एकट्या आईकडून येतो, असे सहसा घडतच नाही. दोन्ही घरांचा वाटा सारखा असतो.

*(आ) उघड दिसणारे, म्हणजे प्रभावी.* यात चुकीची एकच प्रत आजाराला पुरते. आईबापांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता दोनांत एक असते. मेंदूची झीज करणारा हंटिंग्टन हा आजार असा आहे. तो बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतो, तोवर लग्न होऊन मुलेही झालेली असतात. पण सगळे प्रभावी आजार घराण्यातून येत नाहीत. हातपाय आखूड राहून उंची खुंटते, तो अकोन्ड्रोप्लेसिया पाहा. अशा मुलांपैकी दहांत सुमारे आठ मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. जनुकातला बदल त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. अशा वेळी माहेर-सासरच्या पिढ्या उकरण्यात काही अर्थ नाही.

*(इ) एक्स गुणसूत्रावरचे.* स्त्रीला दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाला एक एक्स आणि एक वाय. एक्सवरच्या सूचनेत चूक असली, तर स्त्रीची दुसरी प्रत तिला बहुधा सांभाळून घेते. पुरुषाजवळ दुसरी प्रतच नाही. म्हणून हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, मुख्यतः मुलग्यांत दिसतो. आई वाहक असेल, तर मुलग्यांपैकी प्रत्येकाला आजाराची आणि मुलींपैकी प्रत्येकीला वाहक होण्याची शक्यता दोनांत एक. बाप आजारी आणि आई निर्दोष असेल, तर सगळ्या मुली वाहक होतात, पण मुलग्यांना आजार होत नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया अशी वाहक होती. तिच्या मुलींमधून हा आजार रशियाच्या राजघराण्यापर्यंत गेला. राजवाड्यालाही तो चुकला नाही, तिथे आपण कोणाला का हिणवावे?

जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता हीही एक्स गुणसूत्रावरची. एरवी माणूस ठणठणीत असतो. पण मलेरियावरची प्रायमाक्विन गोळी घेतली, किंवा कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांचा वास बाळाला लागला, तर रक्तपेशी फुटू लागतात. घरात कोणाला ही कमतरता असेल, तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे आणि बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत.

दुसरा प्रकार: अख्ख्या गुणसूत्राची चूक

घोड्याची गुणसूत्रे ६४ आणि गाढवाची ६२. दोघांपासून झालेल्या खेचराची ६३. जोड्या जमत नाहीत, म्हणून खेचराला सहसा प्रजा होत नाही. गुणसूत्रांचा हिशेब चुकला की शरीरावर केवढा परिणाम होतो, हे यावरून कळेल.

माणसात या प्रकारातला सर्वांत परिचित आजार म्हणजे डाउन सिंड्रोम. इंग्लंडच्या लँग्डन डाउन या डॉक्टरांनी त्याचे वर्णन १८६६ साली लिहिले, म्हणजे मेंडेल यांचा निबंध छापला त्याच वर्षी. पण कारण सापडायला ९३ वर्षे लागली. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्यूर्पां यांनी प्रसिद्ध केले, की या मुलांत २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असतात. लेज्यून हे श्रद्धावंत कॅथलिक होते. अशा मुलांच्या जिवाची बाजू त्यांनी जन्मभर मांडली.

हे तिसरे गुणसूत्र बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. बीजपेशी तयार होताना जोडी वेगळी व्हायची राहते. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते. पस्तिशीला साधारण ३५० जन्मांत एक, चाळिशीला १०० त एक. तरीही अशी पुष्कळ मुले तरुण आयांच्या पोटी जन्मतात, कारण मुळात बाळंतपणेच त्या वयात जास्त होतात. शंभरांत तीन-चार मुलांमध्ये मात्र २१ वे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते, आणि ते आईकडून किंवा बापाकडून आलेले असू शकते. म्हणून मुलाच्या गुणसूत्रांची तपासणी एकदा करून घ्यावी. पुढच्या मुलाविषयी काय सांगायचे, ते त्यावरून ठरते.

डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. म्हणून जन्मल्यावर हृदयाची आणि थायरॉइडची तपासणी करावी. वेळेवर उपचार आणि शिकवण मिळाली, तर ही मुले मोठी होतात, काम शिकतात आणि अनेक जण साठीपर्यंत जगतात. अशी मुले चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसावीत, मागच्या दारी नव्हेत.

तिसरा प्रकार: अनेक जनुके आणि बाहेरची परिस्थिती

गाय किती दूध देईल, हे तिच्या जातीवर अवलंबून असते आणि चाऱ्यावरही. उत्तम जातीची गाय उपाशी ठेवली तर आटते. गावरान गाईला कितीही चारले, तरी तिची मर्यादा ठरलेली. पुष्कळ आजार असेच, जात आणि चारा यांच्या मेळाने होतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फाटलेला ओठ आणि टाळू, पाठीच्या कण्याचा जन्मतः न जुळलेला भाग हे सर्व यात येतात. यात चारांत एक, दोनांत एक असा सरळ हिशेब नसतो. फाटलेल्या ओठाचे एक मूल झाले आणि आईबाप निर्दोष असले, तर पुढच्या मुलात तो दोष येण्याची शक्यता शंभरांत साधारण तीन ते पाच असते.

गरोदरपणी ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून ओठ फाटतो, ही समजूत खोटी आहे. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने उत्तम जुळवता येतो, आणि तो लहानपणीच जुळवावा.

या प्रकारात आपल्या हाती मात्र बरेच काही असते. कण्याचा दोष टाळण्यासाठी फॉलिक अॅसिडची गोळी फार उपयोगी पडते. पण बाळाचा कणा आणि मेंदू यांची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवसापर्यंत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचेही नुकतेच लक्षात येत असते. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. आधीचे एक मूल अशा दोषाचे असेल, तर डॉक्टर त्याहून मोठी मात्रा देतात. पेरणीआधी जमीन तयार करतो, तसेच हे.

चौथा प्रकार: फक्त आईकडून येणारे

पेशीच्या केंद्राबाहेर मायटोकाँड्रिया नावाचे बारीक कण असतात. ते पेशीची चूल आहेत, तिथे शक्ती तयार होते. त्यांची स्वतःची ३७ जनुकांची छोटी वही असते, आणि ती मुलाला आईच्या अंडपेशीतूनच मिळते.

पिकातही असेच घडते. अमेरिकेत संकरित मक्याचे बी तयार करण्यासाठी एक नर-वंध्य मादी वाण सर्रास वापरीत. तो गुण बी धरणाऱ्या झाडाच्या मायटोकाँड्रियातूनच पुढे जाई. त्याच्याच जोडीने एका करप्याला बळी पडण्याचा अवगुणही गेला, आणि १९७० साली तिथले मक्याचे फार मोठे पीक करपले.

माणसात या प्रकारचे आजार थोडे आहेत. लेबर यांच्या नावाचा आजार हा त्यातला एक. यात बहुधा तरुणपणी दृष्टी अचानक मंदावते. त्याचा मायटोकाँड्रियातील दोष १९८८ साली सापडला. असा दोष आईकडून सगळ्या मुलांत जाऊ शकतो, बापाकडून जात नाही. पण दोष असूनही अनेकांना आजार होत नाही. आणि आईकडून आला म्हणजे आईने केला असे नव्हे. तिलाही तो तिच्या आईकडून न विचारता मिळाला.

जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे

काही बाळे जन्मतः आजारी असतात, पण त्यांच्या जनुकांत काही चूक नसते. गरोदरपणी आईला रुबेला झाला, तिच्या आहारात आयोडीन फार कमी पडले, किंवा ती दारू पीत असली, तरी बाळाला इजा होते. म्हणून मुलींना रुबेलाची लस वेळेवर द्यावी, घरात आयोडीनयुक्त मीठ वापरावे, आणि गरोदर बाईला कीटकनाशकाच्या फवारणीपासून दूर ठेवावे.

मग आपण काय करावे?

१. सोयरीक जुळवतानाच, साखरपुड्याच्या आधी, मुलगा आणि मुलगी दोघांचे रक्त तपासावे. सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सोपी आहे. सिकल सेलसाठी सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे.

२. एकटाच वाहक असेल, तर घाबरू नये आणि लग्न मोडू नये. त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही, फार तर ती वाहक होतात. दोघेही वाहक असतील, किंवा एक सिकल सेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर मात्र पुढे जाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. माझ्याकडेही यावे.

३. मामाची मुलगी हक्काची, ही आपल्या भागातली जुनी चाल सोडावी. सख्ख्या मामे, आते, चुलत आणि मावस भावंडांत आठवा हिस्सा जनुके सारखी असतात, म्हणून लपलेल्या दोन चुका एकत्र येतात. सर्वसाधारण जोडप्यांत शंभरांत दोन-तीन बाळांत मोठा जन्मदोष आढळतो. अशा जोडप्यांत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. आपल्या धर्मसभेच्या १९८३ च्या संहितेतही अशा विवाहाला मनाई आहे. सूट मिळते, पण ती मागायला येण्याआधी विचार करा.

४. आजारी मूल झाले, तर आजाराचे नेमके नाव आणि प्रकार कागदावर लिहून घ्यावा व तो कागद जपून ठेवावा. भावंडांना पुढे त्याचा उपयोग होतो.

५. तपासणीची खरी वेळ लग्नाआधीची, कारण उदरात आलेला जीव हा देवाने दिलेला जीवच आहे. मग तो जसा येईल तसा आपला म्हणावा.

एक शेवटचे. ज्या घरात असे मूल आहे, तिथे या आठवड्यात जा. सल्ला द्यायला नको, आणि पाप कोणाचे ते विचारायला तर मुळीच नको. मुलाला मांडीवर घ्या आणि त्या माउलीला तासभर विसावा द्या. त्या जन्मांध माणसाच्या आईबापांना बोल न लावता प्रभूने त्याच्या डोळ्यांना हात लावला होता. आपण डोळे उघडू शकत नाही, पण हात लावू शकतो.

प्रभू तुमच्या घरादारावर आणि शेताभातावर कृपा करो.

तुमचा धर्मगुरू